पिस्तुलाचा परवाना आणि राज्यांच्या हद्दी

अमेरिकेत एका राज्यानं दिलेलं ड्रायव्हिंग लायसन्स पन्नासही राज्यांत चालतं. पिस्तूल अंगावर झाकून बाळगण्याचा (कन्सील्ड कॅरीचा) परवाना तसा चालत नाही, आणि आपल्यातल्या बऱ्याच जणांना परवान्याच्या क्लासमध्ये आठ तास बसूनही हे नीट उमगलेलं नसतं. भारतात शस्त्रपरवान्यावर तो कुठवर चालतो हे लिहिलेलं असतं. इथल्या कार्डावर तसं काही छापलेलं नसतं. ते मानायचं की नाही, हे समोरचं राज्य आपल्या कायद्यानं ठरवतं आणि ते ठरवलेलं बदलतंही. सगळ्या राज्यांनी एकमेकांचे परवाने मानावेत असं विधेयक डिसेंबर २०१७मध्ये प्रतिनिधिगृहात मंजूर झालं होतं. सिनेटमधून ते पुढे गेलं नाही. त्यामुळे हद्द ओलांडली की कायदा बदलतो, हे आजही तसंच आहे.

मी नॉर्थ कॅरोलिनात राहतो, परवाना इथलाच आहे, म्हणून सगळं इथून सुरू करून सांगतो.

सगळ्यात आधी व्हिसा. एच-१बी, एल-१, एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला केंद्राच्या कायद्यानं पिस्तूलच काय, काडतूसही जवळ ठेवता येत नाही. रेंजवर भाड्यानं बंदूक घेऊन चार गोळ्या मारणंही याच बंदीत येतं. शिकारीचा परवाना असेल तर थोडी सूट आहे, पण तिच्या भरवशावर कन्सील्ड कॅरीचं कार्ड मिळत नाही. नॉर्थ कॅरोलिनाला नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. ग्रीन कार्डवाल्यांनी मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. शस्त्राच्या गुन्ह्यात दोषी ठरणं हे देशाबाहेर काढण्याचं स्वतंत्र कारण आहे. नागरिक असलेला शेजारी ज्या प्रकरणात वकिलाशी तडजोड करून दंड भरून सुटेल, त्याच प्रकरणात तुमचं इथलं घर, नोकरी, मुलांची शाळा सगळंच पणाला लागतं. वकिलानं सुचवलेली तडजोडही आधी इमिग्रेशनच्या वकिलाला दाखवल्याशिवाय मान्य करू नका.

गांजाचंही तेच. तुमच्या राज्यात तो दुकानात मिळत असला तरी केंद्राच्या कायद्यानं नियमित सेवन करणाऱ्याला शस्त्र बाळगता येत नाही, आणि पिस्तूल विकत घेताना भरायच्या ४४७३ नंबरच्या फॉर्मवर हा प्रश्न थेट विचारलेला असतो.

आता परवाना. वय २१ पूर्ण, राज्यात किमान ३० दिवस वास्तव्य आणि मान्यताप्राप्त प्रशिक्षकाचा किमान आठ तासांचा क्लास. क्लासचा मोठा भाग कायद्याचा असतो, शेवटी लेखी परीक्षा आणि रेंज. रेंजवर ३, ५ आणि ७ यार्डांवरून मिळून ३० गोळ्या मारायच्या आणि ७० टक्के निशाणावर लागल्या पाहिजेत. ५० गोळ्यांचा एक बॉक्स पुरतो. हे अवघड नाही; अवघड होतं ते ज्यांनी आयुष्यात प्रथमच पिस्तूल हातात घेतलेलं असतं त्यांना. गोळी सुटायच्या क्षणी ते डोळे मिटतात, ट्रिगर हिसकतात आणि गोळ्या खाली डावीकडे जातात. क्लासच्या आधी एकदा रेंजवर जाऊन येणं बरं.

प्रमाणपत्र मिळालं की काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, शेरीफकडे (तिथल्या पोलीसप्रमुखाकडे) ऑनलाइन अर्ज करायचा आणि वेळ घेऊन बोटांचे ठसे द्यायला जायचं. फी ८० डॉलर, ठशांचे १० वेगळे. शेरीफचं कार्यालय मानसिक आरोग्याच्या नोंदीही मागवतं, आणि निर्णयासाठी असलेली ४५ दिवसांची मुदत त्या नोंदी हातात आल्यावर मोजली जाते. अर्ज केल्याच्या तारखेपासून ४५ दिवस मोजत बसणाऱ्यांची निराशा होते ती यामुळे. आपल्या लोकांची आणखी एक ठरलेली अडचण म्हणजे नाव. ग्रीन कार्डवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधल्या जागी पूर्ण, ड्रायव्हिंग लायसन्सवर फक्त आद्याक्षर, क्लासच्या प्रमाणपत्रावर तेही नाही. तिन्ही कागद एकसारखे करून घ्या, मगच अर्ज भरा. कार्ड पाच वर्षं चालतं.

२०२४पर्यंत २९ राज्यांनी परवान्याची अटच काढून टाकली. मग परवाना काढायचा कशाला, असं विचारतात. कारण ज्या राज्यात परवाना लागत नाही तिथला माणूस दुसऱ्या राज्यात गेला की त्याला दाखवायला काहीच नसतं. व्हरमाँट तर परवाना देतच नाही. तिथल्या लोकांना बाहेर जाण्यासाठी दुसऱ्या राज्याचा नॉन-रेसिडेंट, म्हणजे त्या राज्यात न राहणाऱ्यांसाठीचा परवाना काढावा लागतो. शिवाय शाळांभोवती १००० फुटांच्या पट्ट्यात शस्त्राला बंदी घालणारा केंद्राचा कायदा आहे. भरलेलं पिस्तूल घेऊन त्या पट्ट्यातून जायला सूट आहे ती ज्या राज्यात ती शाळा आहे त्याच राज्यानं दिलेल्या परवान्याला. व्हर्जिनिया नॉर्थ कॅरोलिनाचं कार्ड मानते, पण कायद्याचे शब्द नेमके घेतले तर शाळेच्या पट्ट्यात ते कार्ड पुरत नाही. गावातल्या रस्त्यानं जाताना शाळा लागतेच. म्हणून जिथे वारंवार जाणं होतं त्या राज्याचा नॉन-रेसिडेंट परवाना काढून ठेवावा असं माझं मत आहे. व्हर्जिनियाचा राज्य पोलिसांकडून मिळतो.

आता प्रत्यक्ष रस्ता. रॅलेहून फिलाडेल्फियाच्या बाजूला जायचं म्हणजे साधारण ४०० मैल. व्हर्जिनिया आपलं कार्ड मानते, पेन्सिल्व्हेनियाही मानतं. मधे मेरिलँड आहे, ते कोणाचंच मानत नाही. इंटरस्टेट ९५नं गेलात तर अलेक्झांड्रियाला पोटोमॅक नदीवरचा वुड्रो विल्सन पूल लागतो. या एकाच पुलावर व्हर्जिनिया संपते, थोडासा तुकडा वॉशिंग्टन डी.सी.चा येतो आणि मेरिलँड सुरू होतं. डी.सी.सुद्धा बाहेरचा परवाना मानत नाही. म्हणजे पुलाच्या अलीकडे कायदेशीर असलेला माणूस मिनिटभरात दोन ठिकाणी गुन्हेगार ठरू शकतो. तिथून पुढे सुमारे ११० मैल मेरिलँडच आहे. पश्चिमेकडून इंटरस्टेट ८१ घेतला तर मेरिलँडचे १२च मैल लागतात: वेस्ट व्हर्जिनियातून विल्यम्सपोर्टला पोटोमॅक ओलांडायची, हेगर्सटाउन मागे टाकायचं की पेन्सिल्व्हेनिया. अंतर वाढतं, पण धोक्याची पट्टी आखूड होते. मात्र १२ मैलांनाही कायदा पूर्ण लागू आहे.

या मधल्या पट्टीसाठी १९८६चा केंद्राचा कायदा कामी येतो. लोक त्याला सेफ पॅसेज म्हणतात. त्याच्या अटी अशा: जिथून निघालात तिथे ते पिस्तूल बाळगणं आणि जवळ घेऊन फिरणं कायदेशीर हवं, जिथे पोचणार तिथेही तसंच हवं, वाटेत ते रिकामं हवं, आणि पिस्तूल व गोळ्या दोन्ही गाडीत बसलेल्यांच्या हाताला लागता कामा नयेत. डिक्की वेगळी असेल तर डिक्कीत. आपल्याकडे बहुतेकांच्या गाड्या सिएना, ओडिसी नाहीतर आरएव्ही४. त्यांत मागची जागा आणि बसायची जागा यांच्यामध्ये भिंत नसते. अशा गाडीत कुलूपबंद पेटी सक्तीची आहे, आणि डॅशबोर्डचा खण किंवा दोन सीटमधला कप्पा कुलूप लावूनही चालत नाही. कायद्यात तसं स्पष्ट लिहिलंय.

मुक्कामाची अट लोक विसरतात. एडिसनला नातेवाइकांकडे गणपतीला जायचंय, तर सेफ पॅसेज तुमच्या उपयोगाचा नाही, कारण न्यू जर्सीत तुमचा परवाना चालतच नाही. तिथे परवान्याशिवाय पिस्तूल जवळ सापडणं हा दुसऱ्या श्रेणीचा गुन्हा, शिक्षा ५ ते १० वर्षं, आणि त्यातले किमान ४२ महिने पॅरोलशिवाय. २०१३मध्ये फिलाडेल्फियाची एक आई पेन्सिल्व्हेनियाच्या वैध परवान्यावर पिस्तूल घेऊन न्यू जर्सीत गेली. किरकोळ वाहतूक कारणासाठी गाडी थांबवली गेली आणि तिनं स्वतःहून पोलिसाला परवान्याबद्दल सांगितलं. तिला अटक झाली. २०१५मध्ये गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी माफी दिली तेव्हा तो विषय संपला. ती प्रामाणिकपणे वागली होती, आणि कायद्याला त्यानं काही फरक पडला नाही. न्यू जर्सी परक्या राज्यातल्या माणसाला परवाना देतं, पण नेमबाजीची चाचणी, नातेवाईक नसलेले चार साक्षीदार आणि २०० डॉलर असं सगळं करावं लागतं आणि तो दोनच वर्षं टिकतो. तो नसेल तर पिस्तूल घरच्या तिजोरीत ठेवून एडिसनला जायचं. न्यू यॉर्क आणि मॅसॅच्युसेट्सलाही हेच. याला पळवाट नाही आणि शोधूही नये.

मॅगझिनची, म्हणजे पिस्तुलात गोळ्या भरून बसवायच्या डबीची मर्यादा वेगळी भानगड आहे. न्यू जर्सी, न्यू यॉर्क, मॅसॅच्युसेट्स इथे १० गोळ्या, कोलोरॅडोत १५. ग्लॉक १९ या पिस्तुलाबरोबर येणारं मॅगझिन १५ गोळ्यांचं, म्हणजे न्यू जर्सीत परवाना असूनही ते मॅगझिन बेकायदा. ग्लॉक ४३एक्सचं मूळ मॅगझिनच १० गोळ्यांचं आहे. ज्यांना अनेक राज्यांत फिरायचंय त्यांना मी तेच सुचवतो, एक काळजी कमी होते. न्यू जर्सीत पोकळ टोकाची गोळी अंगावरच्या पिस्तुलात चालत नाही, परवानाधारकालाही नाही. टोकाची पोकळी पॉलिमरनं भरलेली असेल तर तिथले राज्य पोलीस तिला पोकळ टोकाची मानत नाहीत.

पेटीत ठेवायचं कसं, यावर थोडं थांबतो, कारण अपघात इथेच होतात. वाटेत प्रतिबंधित राज्य असेल तर पिस्तूल घरूनच रिकामं करून कुलूपबंद न्यावं. हद्दीच्या अलीकडच्या पेट्रोल पंपावर, अरुंद सीटवर बसून, मागे मुलं असताना ते रिकामं करायला घेऊ नये. घरी एकट्यानं, नळी अशा दिशेला धरून की गोळी सुटलीच तर कोणाला लागणार नाही. बोट ट्रिगरपासून दूर, फ्रेमवर सरळ. आधी मॅगझिन काढायचं आणि बाजूला ठेवायचं. मग स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, जोरात मागे ओढायची. चेंबरमधली, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी बसलेली गोळी बाहेर उडून पडते. पडू द्यायची, झेलायला जायचं नाही. स्लाइड आणखी दोनदा ओढून मागे अडकवायची, चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहायचं आणि करंगळी घालून रिकामं असल्याची खात्री करायची. क्रम उलटा झाला, म्हणजे आधी स्लाइड ओढली आणि मग मॅगझिन काढलं, तर एक गोळी बाहेर पडते आणि त्याच झटक्यात मॅगझिनमधली दुसरी चेंबरमध्ये जाऊन बसते. माणूस गोळी पडलेली पाहतो, मॅगझिन हातात असतं, आणि पिस्तूल रिकामं झालं असं त्याला ठामपणे वाटतं. ‘रिकाम्या’ पिस्तुलातून सुटलेल्या गोळीमागे बहुतेक वेळा हाच उलटा क्रम असतो.

बाहेर पडलेली गोळी पुन्हापुन्हा तीच चेंबरमध्ये भरू नका. दर वेळी रॅम्पवर (चेंबरकडे नेणाऱ्या उतारावर) आपटून तिचं टोक पितळी पुंगळीत थोडं थोडं आत सरकतं, आतली जागा कमी होते आणि गोळी सुटताना दाब वाढतो. नव्या गोळीशेजारी ती टेबलावर उभी करून पाहा; ९ एमएमच्या गोळीची लांबी जास्तीत जास्त २९.६९ मिलिमीटर असते, आणि आत सरकलेली शेजारी ठेवली की नुसत्या डोळ्यांनाही बुटकी दिसते. तशी दिसली तर ती वापरू नका, रेंजवर निकामी गोळ्यांसाठी डबा असतो त्यात टाका.

पेटी कडक हवी, कापडी झिपची पिशवी नको. पिस्तुलाच्या पेटीला कुलूप, गोळ्या आणि मॅगझिनं दुसऱ्या पेटीत, तिलाही कुलूप. दोन्ही सगळ्यात मागे, सूटकेसांच्या खाली. पेट्रोल, खाणं, बाथरूम यासाठी थांबायला हरकत नाही. रात्रीचा मुक्काम किंवा डी.सी.ची स्मारकं बघण्यासाठी दिवसभर थांबणं हा प्रवासाचा भाग धरला जाईलच असं नाही. आई-वडील भारतातून आलेत आणि त्यांना वॉशिंग्टन दाखवायचंय, तर त्या फेरीला पिस्तूल घरीच. रात्र काढायची असेल तर फ्रेडरिक्सबर्ग किंवा विंचेस्टरला, म्हणजे व्हर्जिनियातच काढावी. आणि हेही लक्षात असू द्या की हा कायदा बऱ्याचदा अटक झाल्यावर कोर्टात बचाव म्हणून उपयोगी पडतो. रस्त्यावरच्या पोलिसाला कलम ऐकवून वाद घालण्यात अर्थ नाही. झडतीला संमती आहे का असं विचारलं तर नम्रपणे नाही म्हणा. तरी त्यानं घेतलीच तर अडवू नका.

गाडी थांबवली गेली तर काय सांगायचं, हे राज्यागणिक बदलतं. नॉर्थ कॅरोलिनात अंगावर पिस्तूल असताना पोलीस तुमच्याशी बोलायला आला की आपणहून सांगावं लागतं आणि परवाना व ओळखपत्र दोन्ही दाखवावं लागतं. मिशिगनमध्येही लगेच सांगणं बंधनकारक आहे. पेन्सिल्व्हेनियात तसं बंधन नाही. इंजिन बंद, रात्र असेल तर आतला दिवा लावलेला, दोन्ही हात स्टिअरिंगवर. वाक्य आधीच ठरवून ठेवा: “ऑफिसर, माझ्याकडे कन्सील्ड कॅरी परमिट आहे आणि पिस्तूल उजव्या कमरेला आहे. मी काय करू?” पहिल्याच वाक्यात ‘गन’ शब्द सुटा बोलू नये, पोलिसाला तेवढंच ऐकू येतं. लायसन्सचं पाकीट पिस्तुलाच्या बाजूच्या खिशात नको. गाडीचे कागद सन व्हायझरला लावून ठेवा, म्हणजे खण उघडायला हात जात नाही.

ज्या राज्यात परवाना चालतो तिथेही सगळीकडे चालत नाही. मराठी मंडळांचे गणपती-दिवाळीचे कार्यक्रम बहुतेक शाळेच्या ऑडिटोरियममध्ये होतात. रविवार असो, मुलं नसोत, ती शाळेचीच जागा राहते, आणि नॉर्थ कॅरोलिनात तिथे पिस्तूल घेऊन जाणं हा फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा आहे. परवानाधारकानं ते गाडीत बंद कप्प्यात ठेवून गाडीला कुलूप लावलं तर पार्किंगपर्यंत चालतं. माझं म्हणणं, त्या दिवशी नेऊच नये. नाटकाच्या सामानासाठी तीच गाडी दहा जण उघडतात. दारूच्या बाबतीत नॉर्थ कॅरोलिना फार कडक आहे: शरीरात मद्याचा अंशही असताना पिस्तूल झाकून बाळगता येत नाही, आदल्या रात्रीची उरलेली असली तरी. व्हर्जिनियात मद्य मिळणाऱ्या रेस्टॉरंटमध्ये परवानाधारकाला जाता येतं, पिता येत नाही. टेक्सासमध्ये ज्या दुकानाचं निम्म्याहून जास्त उत्पन्न तिथेच प्यायल्या जाणाऱ्या मद्यातून येतं त्यावर ५१ टक्के लिहिलेली लाल पाटी असते, तिथे शिरायचं नाही. देवळाच्या दारावर शस्त्रबंदीची पाटी असेल तर ती पाळायची. पोस्टात पार्सल टाकायला गेलात तर बंदी पोस्टाच्या पार्किंगलाही लागू आहे. नॅशनल पार्कमध्ये २०१०पासून त्या राज्याचा कायदा चालतो, पण व्हिजिटर सेंटरच्या इमारतीत नाही. ग्रेट स्मोकीला आपल्या बाजूनं जाताना चेरोकी गाव लागतं, तिथे चेरोकी या मूळनिवासी जमातीचं स्वतःचं सरकार आणि स्वतःचे पोलीस आहेत. त्यांचे नियम आधी पाहून घ्यावेत.

विमानानं नेता येतं, फक्त चेक-इन बॅगेत. पिस्तूल रिकामं, कडक पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली तुमच्याजवळ. काउंटरवर आपणहून सांगायचं, ते रिकामं असल्याच्या चिठ्ठीवर सही घेतात. गोळ्या मूळ खोक्यात. बहुतेक विमान कंपन्या ११ पौंड म्हणजे ५ किलोपर्यंत नेऊ देतात. पिस्तुलाबरोबर दुकानातून आलेली प्लास्टिकची पेटी बऱ्याचदा नाकारली जाते, कारण एकाच कुलपावर तिचा कोपरा वाकवून हात आत जातो. दोन कोपऱ्यांना दोन कुलपं लागतील अशी घ्या. न्यू जर्सीतलं नेवार्क, न्यू यॉर्कमधलं जेएफके किंवा लागार्डिया या विमानतळांवर विमान बदलायचं तिकीट काढू नका. २००५मध्ये युटाचा एक प्रवासी नेवार्कला पुढचं विमान चुकल्यामुळे बॅग घेऊन हॉटेलात राहिला, सकाळी त्यानं काउंटरवर नियमाप्रमाणे पिस्तूल जाहीर केलं आणि त्याला अटक झाली. २०१०मध्ये अपील कोर्टानं सांगितलं की रात्रभर बॅग त्याच्या हाताशी होती, म्हणून सेफ पॅसेज लागू नाही. अशी वेळ आलीच तर बॅग ताब्यात घेऊ नका, ती विमान कंपनीकडेच राहू द्या.

शेवटी बॅग. रेंजला नेलेली बॅग विमानप्रवासाला वापरू नका, केबिनमध्ये तर अजिबात नाही. २०२३मध्ये टीएसएला (विमानतळांवर प्रवाशांची तपासणी करणाऱ्या केंद्राच्या खात्याला) विमानतळांच्या तपासणीत ६,७३७ बंदुका सापडल्या आणि त्यांतल्या सुमारे ९३ टक्के भरलेल्या होत्या. आपल्यासाठी पिस्तुलाइतकंच जपायचं ते एक सुटं काडतूस. अस्तराच्या शिवणीत अडकलेली ९ एमएमची गोळी इथे कोणाच्या नजरेतून सुटली आणि परतीच्या वेळी मुंबई विमानतळावरच्या स्कॅनरमध्ये दिसली, तर १९५९च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो. जाणीवपूर्वक बाळगलेली नव्हती म्हणून उच्च न्यायालयांनी असे गुन्हे रद्दही केले आहेत, पण तोवर पोलीस ठाणं, वकील आणि चुकलेलं विमान हे सगळं वाट्याला येतं. रेंजची बॅग वेगळ्या रंगाची घ्या, गॅरेजमध्येच ठेवा, आणि भारतात जायची बॅग भरण्याआधी प्रत्येक कप्पा उलटा करून झटका.